ग्राहकाच्या जागेतल्या चालू केबलिंगमध्ये बदल करताना

नव्या इमारतीत फोनची किंवा नेटवर्कची केबल टाकणं तुलनेने सोपं असतं. भिंती उघड्या असतात, नकाशा ताजा असतो, आणि काही राहून गेलं तरी त्या लाइनवर अजून कोणाचं काम अडलेलं नसतं. जुन्या केबलिंगमध्ये पॉइंट (भिंतीवरचा सॉकेट) हलवायचा, वाढवायचा किंवा बंद करायचा म्हटलं की परिस्थिती उलटी होते. केबल भिंतीआड असते, नकाशा असलाच तर मधल्या काळातले बदल त्यावर चढवलेले नसतात, आणि ज्या वायरला तुम्ही हात लावणार तिच्यावर त्याच घडीला कोणीतरी बोलत असतं किंवा काम करत असतं. म्हणून या कामात निम्म्याहून जास्त वेळ कटर बाजूला ठेवून काढावा लागतो. नवख्या माणसाला तो वेळ फुकट गेल्यासारखा वाटतो, पण खरं काम त्यातच असतं. पुढच्या पायऱ्यांपैकी पहिल्या तीन म्हणूनच जास्त सविस्तर लिहिल्या आहेत.

पायरी १ : ग्राहकाला नीट विचारा

ग्राहक सांगतो, “हा पॉइंट त्या भिंतीवर घ्या.” काम काय ते कळलं, पण माहिती अर्धीच मिळाली. त्या पॉइंटवर काय चालतं, ते किती वेळ बंद राहिलं तर चालेल, आणि याच लाइनवर दुसरं काही लागलेलं आहे का, हे तीन प्रश्न विचारल्याशिवाय स्क्रू सोडू नका.

तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. टेलिफोनची लाइन फक्त फोनसाठी असते असं गृहीत धरलं की घात होतो. चोरीचा अलार्म, आगीचा अलार्म, लिफ्टमधला आपत्कालीन फोन, आजारी किंवा वृद्ध माणसाच्या गळ्यातलं मदतीचं बटण, कार्ड स्वाइप करायचं मशीन, गेटचा इंटरकॉम, यांतलं काहीही त्याच जोडीवर (लाइनच्या दोन वायरांवर) असू शकतं. ग्राहकाला बरेचदा हे आठवत नाही, कारण ती यंत्रं गुपचूप आपलं काम करत असतात. स्वतः फिरून बघा. अलार्मचं पॅनल बहुतेक वेळा बाहेरून येणारी लाइन आधी स्वतःकडे घेतं आणि मग घरातल्या फोनकडे सोडतं, म्हणजे गरज पडली की इतर फोन तोडून त्याला लाइन ताब्यात घेता येते. पॅनलच्या आधी तुम्ही नवीन फाटा काढलात तर फोन व्यवस्थित चालेल, पण त्या फाट्यावर कोणी बोलत असताना अलार्मला लाइन मिळणार नाही, आणि हे नेमकं अडचणीच्या वेळी कळेल. असं पॅनल असेल तर काम सुरू करण्याआधी ग्राहकाला अलार्मवर देखरेख करणाऱ्या केंद्राला कळवायला सांगा.

याच वेळी हद्दही ठरवून घ्या. सेवा देणाऱ्या कंपनीचं जाळं एका ठरावीक ठिकाणी संपतं. बाहेरून आलेली लाइन जिथे डब्यात, सॉकेटमध्ये किंवा ओएनटीमध्ये (फायबरचा, म्हणजे काचेच्या केबलचा सिग्नल घेणाऱ्या यंत्रात) उतरते तिथे. तिथून आतलं केबलिंग ग्राहकाचं, बाहेरचं कंपनीचं. कंपनीच्या बाजूला कंपनीच्या परवानगीशिवाय हात लावायचा नाही. ग्राहकाच्या बाजूचं काम कोणी करावं याचेही नियम देशोदेशी वेगळे आहेत. ऑस्ट्रेलियात, उदाहरणार्थ, आतलं केबलिंगसुद्धा नोंदणी असलेल्या केबलरनेच करावं लागतं आणि काम संपल्यावर ते नियमांप्रमाणे झाल्याचं लेखी द्यावं लागतं. तुम्ही जिथे काम करता तिथला नियम आधी माहीत करून घ्या.

पायरी २ : केबल कुठून कुठे जाते ते शोधा

लेबलवर विश्वास ठेवा, पण पडताळून. ‘१४’ लिहिलेली केबल पॅच पॅनलच्या (सगळ्या पॉइंटच्या केबल जिथे एकत्र उतरतात त्या पट्टीच्या) १४ नंबरलाच जाते का, हे टोनरने बघा. टोनर म्हणजे दोन तुकडे : एक वायरवर आवाजाचा सिग्नल सोडतो आणि दुसरा, पेनासारखा, तो सिग्नल लांबून ऐकतो. वापरताना दोन गोष्टी लक्षात ठेवा. केबलचं दुसरं टोक नेटवर्क स्विचमध्ये (उपकरणं एकमेकांना जोडणाऱ्या यंत्रात) लागलेलं असेल तर स्विच तो आवाज गिळून टाकतो आणि केबल तुटली आहे असं वाटतं. ते टोक काढा किंवा पोर्टचा दिवा लुकलुकवणारा टेस्टर वापरा. दुसरं, टोन एकाच पिळातल्या (एकमेकींभोवती पिळलेल्या जोडीतल्या) दोन वायरांवर सोडला तर पीळ तो बाहेर फारसा पडू देत नाही. एका जोडीतली एक आणि दुसऱ्या जोडीतली एक अशा दोन वायरांवर सोडा, म्हणजे जाड भिंतीपलीकडेही ऐकू येतो.

टोन सोडण्याआधी त्या जोडीवर मल्टिमीटर धरा. टेलिफोनची चालू लाइन रिसीव्हर ठेवलेला असताना साधारण ४८ व्होल्ट डीसी दाखवते, रिसीव्हर उचलला की आकडा दहाच्या आसपास उतरतो. रिंग वाजते तेव्हा त्यावर साधारण ७० ते ९० व्होल्ट एसी चढतो. उघड्या वायरला बोट असताना रिंग आली तर चांगलाच झटका बसतो, आणि शिडीवर असाल तर खरा धोका झटक्याचा नसून खाली पडण्याचा असतो. नेटवर्कच्या केबलवर ४४ ते ५७ व्होल्ट डीसी दिसला तर त्यावरून कॅमेरा, वायफायचा डबा किंवा आयपी फोन यांना वीज जाते आहे, म्हणजे पीओई आहे. तो पोर्ट स्विचमधून आधी बंद करा. आणि २३० सारखा आकडा दिसला तर कुठेतरी विजेची वायर या केबलला चिकटली आहे. तिथे थांबा, सगळ्यांना लांब करा आणि वीजतंत्रज्ञाला बोलवा. ते काम आपलं नाही.

केबलची लांबी मोजायला टेप लागत नाही. बहुतेक केबलच्या आवरणावर दर मीटरला, काहींवर दर फुटाला, चढत्या क्रमाने आकडा छापलेला असतो. पॅनलजवळचा आकडा आणि पॉइंटजवळचा आकडा यांची वजाबाकी म्हणजे भिंतीतली लांबी. मात्र केबल सलग एकच असली तरच हे जुळतं. वजाबाकी विचित्र आली, किंवा दोन टोकांवर बनावटीचं नाव वेगळं निघालं, तर मध्ये कुठेतरी जोड दडलेला आहे. तो सापडेपर्यंत पुढे जाऊ नका.

पायरी ३ : सॉकेट उघडा आणि आत काय आहे ते वाचा

फेसप्लेटचे दोन स्क्रू सोडून प्लेट पुढे घेतली की आधी फोटो काढा. मग सावकाश बघा. कुठला रंग कुठल्या खाचेत आहे, कुठली वायर मोकळी सोडली आहे, आवरण कुठपर्यंत सोललं आहे, तांब्यावर हिरवट थर आला आहे का.

एक रचना हमखास भेटते आणि नवख्याला हमखास अडकवते. एका चार जोड्यांच्या केबलवर दोन पॉइंट. १०० एमबीपीएसच्या जुन्या नेटवर्कला दोनच जोड्या पुरत, पिना १-२ आणि ३-६. मग उरलेल्या निळ्या जोडीवर टेलिफोन किंवा उरलेल्या दोन जोड्यांवर दुसरा संगणक चालवला जाई. अशा केबलवर ‘गिगाबिट करून द्या’ म्हणून तुम्ही आठही वायरा एकाच जॅकवर (प्लग घुसतो त्या तुकड्यावर) पंच केल्या, म्हणजे खाचेत दाबून बसवल्या, तर दुसरा पॉइंट मरतो, आणि निळ्या जोडीवर फोनची चालू लाइन असेल तर तो व्होल्टेज थेट नेटवर्कच्या पोर्टात शिरतो. गिगाबिटला चारही जोड्या लागतात, त्यामुळे इथे मार्ग एकच : दुसऱ्या पॉइंटसाठी वेगळी केबल टाकायची. हे ग्राहकाला काम सुरू होण्याआधी सांगा, म्हणजे खर्चाचा वाद होत नाही.

सोललेल्या वायरचं टोक ब्लेडने हलकेच खरवडून बघा. आतून पांढरट चंदेरी धातू दिसला तर ती अस्सल तांब्याची केबल नाही, तांब्याचा मुलामा दिलेलं अॅल्युमिनियम आहे. अशी वायर पुन्हा पंच करताना तुटते, पीओईचा भार आल्यावर जास्त तापते, आणि नेटवर्क केबलच्या मान्य मानकांत ती बसत नाही. तिच्यावर नवीन जॅक बसवण्यात वेळ घालवू नका, केबल बदलण्याचा सल्ला द्या.

पायरी ४ : बदलाआधीची तपासणी लिहून ठेवा

वायरमॅप (कुठली वायर कुठल्या पिनला लागते ते), लांबी, नेटवर्कचा वेग, फोनवर डायल टोन स्वच्छ आहे की खरखरतो, डीएसएल (फोनच्या वायरीवरचं इंटरनेट) असेल तर मोडेमच्या पानावरचा वेग आणि नॉइज मार्जिन (लाइन अजून किती गोंगाट सहन करेल ते), फायबर असेल तर ओएनटीला मिळणारी प्रकाशशक्ती. पाच-दहा मिनिटांचं काम. तुम्ही हात लावण्याआधीच काय बिघडलेलं होतं आणि काय नव्हतं, याचा हा एकमेव पुरावा असतो, आणि बदलानंतर आकडे पडताळायला दुसरं काही हाताशी नसतं.

पायरी ५ : जोडायचं, हलवायचं की नवीन टाकायचं

केबल दोन मीटर कमी पडते आहे. आता काय? दोन्ही बाजूंच्या वायरा पिळून वर टेप गुंडाळणं हा पर्याय कुठल्याच परिस्थितीत नाही. साध्या आवाजाच्या फोनलाइनला जेल भरलेले छोटे जोड-कनेक्टर चालतात, जेल ओलावा आत येऊ देत नाही. नेटवर्कच्या केबलला त्याच कॅटेगरीचा (केबलच्याच दर्जाचा), खाचेत वायर दाबून बसवायचा जंक्शन बॉक्स घ्या आणि तो अशा जागी ठेवा की पुढे कोणालाही उघडता येईल. भिंतीत प्लास्टरखाली गाडलेला जोड पुढच्या माणसाला कधीच सापडत नाही. आणि शक्य असेल तिथे सलग नवीन केबल. माझं मत यावर ठाम आहे : मार्ग मोकळा असेल तर जोडापेक्षा नवी केबल टाकायला थोडाच वेळ जास्त लागतो, आणि तक्रार येण्याची एक जागा कायमची जाते.

लांबीचं गणित विसरू नका. भिंतीतली पक्की केबल ९० मीटरपर्यंत, आणि दोन्ही टोकांचे पॅच कॉर्ड (जोडायच्या छोट्या लवचीक केबल) धरून एकूण १०० मीटर. आधीच ८५ मीटर असलेला पॉइंट दहा मीटर पुढे नेता येत नाही, आज चालताना दिसला तरी.

फोनच्या जुन्या वायरिंगमध्ये एका खोलीतून दुसऱ्या खोलीत अशी माळ लावलेली असते. त्यातला एखादा न वापरलेला फाटा डीएसएलच्या सिग्नलचा काही भाग परत फिरवतो आणि वेग खातो. असे मेलेले फाटे मुळापासून सोडवले तर कधीकधी वेगात लगेच फरक दिसतो. मात्र माळेतला मधला सॉकेट काढताना पुढच्या सॉकेटची लाइन त्यातूनच गेलेली असते, ती आधी जोडून द्यायची.

दुसऱ्या इमारतीत किंवा आवारातल्या वेगळ्या खोलीत पॉइंट न्यायचा असेल तर तांबं टाळा आणि फायबर टाका. दोन इमारतींच्या अर्थिंगमध्ये फरक असतो, वीज कोसळली तर तांब्याच्या वायरीवरून मोठा झटका उपकरणांपर्यंत पोचतो. काच वीज वाहून नेत नाही.

पायरी ६ : मार्ग

भिंतीला भोक पाडण्याआधी मागे विजेची वायर किंवा पाण्याचा पाईप नाही ना, हे डिटेक्टरने बघा. जुन्या इमारतीत छताचे पत्रे, पॅनल किंवा पाईपवरचं वेष्टण अॅस्बेस्टॉसचं असण्याची शक्यता असेल तर भोक पाडूच नका. ती धूळ फुप्फुसात कायमची राहते. तपासणी झाल्यावरच पुढे.

विजेच्या वायरांबरोबर एकाच पाईपातून केबल नेऊ नये. समांतर जावं लागलं तर अंतर ठेवा, ओलांडावं लागलं तर काटकोनात ओलांडा. फॉल्स सीलिंगवर केबल नुसती टाकून देऊ नका आणि आग विझवायच्या पाण्याच्या पाईपाला बांधूही नका. स्वतंत्र हुक किंवा ट्रे द्या. पाईपातून स्प्रिंगने (केबल ओढायच्या लवचीक तारेने) केबल ओढताना जोर आवरा. चार जोड्यांच्या केबलला ११० न्यूटनपर्यंतचा ताण चालतो, म्हणजे साधारण ११ किलो वजन टांगल्याइतका. त्याहून जास्त ओढलं तर आतले पीळ लांबतात. केबल वरून धड दिसते, पण वेगाच्या चाचणीत नापास होते. वळण केबलच्या जाडीच्या निदान चौपट त्रिज्येचं हवं, म्हणजे सहा मिलिमीटर जाडीच्या केबलला सुमारे २५ मिलिमीटर. प्लॅस्टिकचे टाय करकचून आवळू नका, वेल्क्रो पट्टी वापरा.

आग रोखणाऱ्या भिंतीतून किंवा स्लॅबमधून केबल गेली की भोवतीची फट आगरोधक सीलंटने बुजवा. आधीच्या माणसाने ती उघडी ठेवली असेल तरीही. धूर अशाच फटींतून वरच्या मजल्यावर जातो.

पायरी ७ : टोकं बसवणं

रंगांच्या दोन पद्धती आहेत, टी५६८ए आणि टी५६८बी. फरक एवढाच की केशरी आणि हिरव्या जोड्यांची जागा बदलते. दोन्ही सारख्याच चालतात. त्या जागेत आधीपासून जी आहे तीच पाळा. एका टोकाला ए आणि दुसऱ्याला बी झालं तर आजकालची उपकरणं आपोआप जुळवून घेतात, त्यामुळे चूक लपून राहते आणि एखादं जुनं यंत्र लावल्यावर वर येते.

त्याहून लबाड चूक म्हणजे फुटलेली जोडी. कोणी रंग लक्षात न घेता १-२, ३-४, ५-६, ७-८ अशा ओळीने जोड्या बसवतो. दोन्ही टोकांना तसंच केल्यामुळे एक ते आठ दिवे क्रमाने लागतात आणि साधा टेस्टर ‘ठीक’ म्हणतो. पण पिन ३ आणि ६ ची वायर वेगवेगळ्या पिळातून जाते, पिळाचा उपयोग संपतो, आणि एका जोडीचा सिग्नल दुसरीत झिरपतो. नेटवर्क लागतं, पण रडतखडत. टी५६८बीप्रमाणे बरोबर क्रम असा : पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. मधल्या निळ्या जोडीच्या दोन्ही बाजूंना हिरवी जोडी दुभागते, हे एकदा डोळ्यांत बसलं की चुकत नाही.

पीळ उघडायचा तो १३ मिलिमीटरच्या आत, जितका कमी तितका बरा. आवरण जॅकच्या अगदी पाठीपर्यंत येऊ द्या. पंच-डाउन टूलची कापणारी बाजू वायरच्या मोकळ्या टोकाकडे आहे ना, हे दर वेळी बघा. उलटी धरली तर लागलेली वायरच कापली जाते. जुन्या खाचेत वायर पुन्हा बसवताना आधीचा तुकडा आत राहिलेला नसावा, आणि वायरचं दबलेलं टोक छाटून ताजं टोक घ्या. भिंतीतल्या एकसंध तारेच्या केबलला थेट प्लग क्रिंप करण्यापेक्षा (दाबून बसवण्यापेक्षा) जॅक बसवून पुढे पॅच कॉर्ड द्या, कारण एकसंध तार सारखी हलली की मोडते.

पायरी ८ : फायबर असेल तर

फायबरमधला प्रकाश दिसत नाही. १३१०, १४९० आणि १५५० नॅनोमीटर या तिन्ही लहरी डोळ्याला अदृश्य आहेत, त्यामुळे ‘अंधार दिसतो म्हणजे बंद आहे’ असं समजून टोकात डोकावू नका. प्रकाश आहे की नाही हे पॉवर मीटरच सांगेल. सोलताना पडलेले काचेचे कण चिकटपट्टीने उचलून झाकणाच्या डबीत टाका.

ओएनटीची जागा बदलताना सगळ्यात जास्त नुकसान वळणामुळे होतं. घरात टाकायच्या जी.६५७.ए१ प्रकारच्या फायबरला १० मिलिमीटर त्रिज्येचं वळण चालतं, ए२ ला ७.५ मिलिमीटर. जुन्या जी.६५२ फायबरला ३० मिलिमीटर धरून चाला. प्रकार आवरणावर छापलेला नसेल तर मोठी त्रिज्या धरा. कनेक्टर हिरवा असेल तर त्याचं टोक आठ अंशांनी तिरपं घासलेलं असतं, निळ्याचं तसं नसतं. हिरवा आणि निळा एकमेकांत बसतात, पण काचा नीट टेकत नाहीत आणि सिग्नल पडतो. प्रत्येक वेळी जोडण्याआधी टोक पुसा, नवीन पाकिटातून काढलेलंसुद्धा.

मग मीटर लावा. जीपीऑनच्या (घरोघरी फायबर पोचवायच्या एका पद्धतीच्या) नेहमीच्या ओएनटीला उणे ८ ते उणे २७ डीबीएम (प्रकाशशक्तीचं माप, उणे आकडा मोठा तितका प्रकाश कमी) या पट्ट्यात प्रकाश लागतो. बदलाआधी उणे १९ होता आणि आता उणे २४ आहे, तर आकडा पट्ट्यात असूनही काम बरोबर झालेलं नाही. एक फ्यूजन जोड (काच वितळवून केलेला) ०.१ डीबीच्या आसपास खातो, एक कनेक्टर अर्ध्या डीबीपर्यंत. पाच डीबी गेले म्हणजे कुठेतरी वळण आवळलं आहे किंवा टोक घाण आहे.

पायरी ९ : जुनं काढणं, तपासणं, नोंद

वापरात नसलेली केबल शक्य तिथे काढून टाका. छतात साठलेलं जुनं आवरण आगीत इंधन होतं, आणि मेलेल्या केबलच्या गुंत्यात पुढचा माणूस चुकीची जिवंत केबल कापतो. पण काढतानाही दोन्ही टोकं हातात आल्याशिवाय कापू नका. एक टोक सापडत नसेल तर तिच्यावर ‘दुसरं टोक अज्ञात’ असं लेबल लावून ठेवा.

मग पायरी ४ मधले सगळे आकडे पुन्हा घ्या. नवीन टाकलेल्या नेटवर्क केबलला फक्त वायरमॅप पुरत नाही, क्रॉसटॉक (एका जोडीचा सिग्नल दुसरीत झिरपणं) आणि रिटर्न लॉस (सिग्नल परत फिरणं) मोजणाऱ्या सर्टिफायर यंत्राचा निकाल हवा. तो नसेल तर किमान लिंक गिगाबिटवर लागते का हे बघा आणि बराच वेळ मोठी फाइल पाठवत राहून पोर्टवर चुकांचा आकडा वाढतो का ते तपासा. फोनवरून बाहेर एक कॉल करा आणि बाहेरून आत एक घ्या. बाहेर जाणारा लागतो पण आत येणाऱ्याला रिंगच वाजत नाही, असाही दोष असतो. अलार्म असेल तर केंद्राकडे चाचणीचा सिग्नल पोचला का, हे ग्राहकाने त्यांच्याशी बोलून खात्री करेपर्यंत निघू नका. लिफ्टचा फोन असेल तर लिफ्टमध्ये जाऊन बटण दाबा.

दोन्ही टोकांना छापील लेबल लावा, पेनाने लिहिलेलं काही वर्षांत पुसतं. नकाशावर जुना पॉइंट खोडून नवीन काढा, तारीख आणि केबलचा प्रकार लिहा, जोड असेल तर त्याची जागा ठळक दाखवा. एक प्रत ग्राहकाला द्या आणि एक रॅकच्या दाराच्या आतल्या बाजूला पारदर्शक पाकिटात चिकटवा. पुढचा तंत्रज्ञ तिथेच आधी बघतो.